सहबद्ध आरोग्यव्यवसायांतील पदव्युत्तर शिक्षण

सहबद्ध आरोग्यव्यवसायांतील पदव्युत्तर शिक्षण : रोगनिदान, उपचार, पुनर्वसन, रोगप्रतिबंध आणि रुग्णालयीन व्यवस्था या कामांत डॉक्टरांच्या बरोबरीने किंवा त्यांच्या देखरेखीखाली भाग घेणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींच्या व्यवसायांना सहबद्ध आरोग्यव्यवसाय अशी संज्ञा आहे. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका व औषधनिर्माते यांचा या वर्गात सामान्यपणे समावेश करीत नाहीत. कारण त्यांच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियमन स्वतंत्र कायद्यांनी पूर्वीपासून होत आले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे व्यवसाय विद्यापीठांच्या कक्षेत आले व त्यांपैकी अनेकांत पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. तथापि या सर्व व्यवसायांत पदव्युत्तर पदवीचे महत्त्व सारखे नाही. काहींत प्रवेशासाठीच ती आवश्यक असते. काहींत विशेषज्ञता, अध्यापन वा संशोधन यांसाठी ती उपयोगी पडते. तर वैद्यक साहाय्यकासारख्या व्यवसायात तिच्यामुळे रुग्णावर करावयाच्या कामाच्या अधिकारांत कोणतीही भर पडत नाही. हा भेद लक्षात न घेता अभ्यासक्रम निवडल्यास दोन वर्षांचा काळ व मोठा खर्च होऊनही विद्यार्थी पूर्वीच्याच जागी राहण्याचा संभव असतो.

व्याप्ती व श्रेणी : प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण व प्रतिमादर्शन तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृहातील व शुद्धिहरणाच्या कामातील तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट (भौतिकोपचारतज्ञ), व्यवसायोपचारतज्ञ, आहारतज्ञ, वाचा व श्रवण दोषांवरील उपचारतज्ञ, नेत्रपरीक्षक, श्वसनोपचारतज्ञ, रुग्णालयातील नोंदी ठेवणारे व त्यांचे विश्लेषण करणारे कर्मचारी इत्यादींचा या वर्गात अंतर्भाव होतो. कामातील स्वतंत्र निर्णयाच्या प्रमाणावरून त्यांच्या स्थूलमानाने तीन श्रेणी पडतात. पहिली साहाय्यकांची, त्यांनी इतरांनी नेमून दिलेली कामे ठरलेल्या पद्धतीने पार पाडावयाची असतात. दुसरी तंत्रज्ञांची, त्यांना विशिष्ट उपकरण वा परीक्षापद्धती यांवर प्रभुत्व लागते व मिळालेला निष्कर्ष विश्वसनीय आहे की नाही, हे स्वतः ठरवावे लागते. तिसरी उपचारतज्ञांची, ते रुग्णाची तपासणी करून उपचाराची योजना आखतात व तिची जबाबदारी घेतात. पदव्युत्तर शिक्षणाची खरी निकड तिसऱ्या श्रेणीत आणि दुसरीच्या वरच्या थरात निर्माण होते.

इतिहास : व्हिल्हेल्म रंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर अल्पावधीतच रुग्णालयांना हे उपकरण चालविणाऱ्या माणसांची गरज भासू लागली. जंतुशास्त्र व रक्तपरीक्षा यांच्या वाढीबरोबर प्रयोगशाळेतील कामही डॉक्टरांच्या हातून प्रशिक्षित साहाय्यकांकडे गेले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत क्ष-किरण तंत्रज्ञांची नोंदणी १९२२ मध्ये व प्रयोगशाळा तंत्रज्ञांची १९२८ मध्ये सुरू झाली. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना पुन्हा चालते-फिरते व कामास योग्य करण्यासाठी तेथे स्त्रियांची पथके तयार करण्यात आली होती. या कामातून भौतिकोपचार व व्यवसायोपचार हे दोन व्यवसाय आकारास आले. त्यांच्या राष्ट्रीय संघटना अनुक्रमे १९२१ व १९१७ मध्ये स्थापन झाल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर रुग्णालयांचा विस्तार झाला व १९६५ मध्ये वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी शासकीय आरोग्यविम्याच्या मेडिकेअर व मेडिकेड या योजना अमेरिकेत सुरू झाल्यावर प्रशिक्षित मनुष्यबळाची मागणी एकदम वाढली. तेव्हा १९६६ मध्ये तेथील काँग्रेसने सहबद्ध आरोग्यव्यवसायांच्या प्रशिक्षणासाठी खास अधिनियम करून विद्यापीठांना व महाविद्यालयांना अनुदान देण्याची तरतूद केली. ‘सहबद्ध आरोग्य’ ही संज्ञा रूढ होण्यास हा अधिनियम मुख्यतः कारणीभूत झाला. पुढील वर्षीच अशा शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जे शिक्षण पूर्वी रुग्णालयातच उमेदवारीच्या पद्धतीने मिळत असे, ते यानंतर विद्यापीठात आले आणि प्रमाणपत्र, सहयोगी पदवी, पदवी व पदव्युत्तर पदवी अशी शिडी तयार झाली.

वैद्यक साहाय्यक : डॉक्टरांच्या खाजगी दवाखान्यात वा बाह्यरुग्ण विभागात कार्यालयीन व रुग्णसेवेची अशी दोन्ही प्रकारची कामे करणारा हा कर्मचारी होय. रुग्णांच्या भेटीच्या वेळा ठरविणे, नोंदी व विम्याची कागदपत्रे तयार करणे, रुग्णाची प्राथमिक हकीकत लिहून घेणे, वजन, नाडी, ताप व रक्तदाब यांची नोंद करणे, तपासणीच्या वेळी डॉक्टरांना मदत करणे, उपकरणे निर्जंतुक करणे, विद्युत् हृल्लेख काढणे, रक्ताचे नमुने घेणे आणि स्थानिक कायद्याने मुभा असल्यास अंतःक्षेपण (इंजेक्शन) देणे ही त्याची नेहमीची कामे असतात. निदान करणे, औषधयोजना ठरविणे किंवा रुग्णाच्या स्थितीचा स्वतंत्रपणे अर्थ लावणे हे मात्र त्याच्या कामात येत नाही.

अमेरिकेत या कर्मचाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १९५६ मध्ये स्थापन झाली व १९६३ पासून तिने प्रमाणन परीक्षा घेण्यास आरंभ केला. या परीक्षेस १९९८ पासून केवळ मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या पदवीधरांनाच बसू देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. माध्यमिक शिक्षणानंतर सुमारे एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा दोन वर्षांची सहयोगी पदवी हे नेहमीचे प्रशिक्षण होय. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात दवाखान्यातील प्रत्यक्ष कामाचे किमान १६० तास असावे लागतात. अनेक साहाय्यक मात्र प्रत्यक्ष कामावरच शिकतात. बहुतेक राज्यांत या व्यवसायासाठी स्वतंत्र परवाना नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर त्यांना कामे सोपवितो. वॉशिंग्टनसारख्या राज्याने २०१२ मध्ये कायदा करून त्यांची राज्यस्तरीय नोंदणी व श्रेणी ठरविल्या, हा याला अपवाद होय.

यावरून वैद्यक साहाय्य या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी जवळजवळ का आढळत नाही, हे स्पष्ट होते. साहाय्यकाच्या कामाची मर्यादा त्याच्या ज्ञानावरून ठरत नसून काम सोपविणाऱ्या डॉक्टरच्या अधिकारावरून व राज्याच्या कायद्यावरून ठरते. उच्च पदवी मिळविलेला साहाय्यक त्याच जागेवर राहिला, तर त्याची कामे पूर्वीचीच राहतात. त्याने पदव्युत्तर शिक्षण घेतले, तर ते त्याला त्या जागेवरून दुसऱ्या भूमिकेत नेणारे असावे लागते. अशा भूमिका मुख्यतः तीन आहेत : साहाय्यकांच्या अभ्यासक्रमांचे अध्यापन, दवाखाने व रुग्णालये यांचे व्यवस्थापन आणि निराळ्या परवान्याच्या व्यवसायात प्रवेश.

चिकित्सक-सहकारी : नामसाधर्म्यामुळे वैद्यक साहाय्यक व चिकित्सक-सहकारी (फिजिशियन असिस्टंट) यांत नेहमी गल्लत होते. वस्तुतः हे दोन निराळे व्यवसाय आहेत. ड्यूक विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापक यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये नौदलातील वैद्यकीय पथकांत काम केलेल्या चार माजी सैनिकांना घेऊन चिकित्सक-सहकाऱ्यांचा पहिला वर्ग सुरू केला. त्यांपैकी तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. युद्धक्षेत्रात मोठी जबाबदारी पेललेल्या, परंतु नागरी जीवनात त्या अनुभवाला कोणतेही स्थान नसलेल्या या माणसांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासणी, निदान व उपचार करण्यास शिकवावे, ही त्यामागील कल्पना होती. राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा १९७३ मध्ये प्रथम घेण्यात आली.

आज या व्यवसायात प्रवेश करण्यासाठी अमेरिकेत पदव्युत्तर पदवी लागते. अधिस्वीकृती मंडळाने सर्व अभ्यासक्रमांना २०२० पर्यंत ही पातळी गाठणे बंधनकारक केले होते. अभ्यासक्रम साधारणपणे सत्तावीस महिन्यांचा असून त्यात निरनिराळ्या विभागांतील प्रत्यक्ष रुग्णसेवेचे सुमारे दोन हजार तास असतात. त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा व राज्याचा परवाना हे टप्पे येतात. प्रवेशाच्या वेळी रुग्णसेवेचा पूर्वानुभव विचारात घेतला जातो व वैद्यक साहाय्यक म्हणून केलेले काम अनेक संस्था त्यासाठी ग्राह्य मानतात. त्यामुळे विज्ञानाची पदवी असलेल्या वैद्यक साहाय्यकाला ही वाट खरोखरीच पुढे नेणारी ठरू शकते. मात्र येथेही पदवीचे मूल्य तिला जोडलेल्या परीक्षेमुळे व परवान्यामुळे येते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

ब्रिटनमधील अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. तेथे विज्ञानाच्या पदवीधरांसाठी सुमारे दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम योजून हा व्यवसाय वाढविण्यात आला. परंतु वैधानिक नियमन मागे राहिले व डिसेंबर २०२४ मध्ये ते जनरल मेडिकल कौन्सिलकडे सोपविण्यात आले. आपल्याला तपासणारी व्यक्ती डॉक्टर आहे की नाही, हे रुग्णांना कळत नसल्याच्या तक्रारींनंतर जिलियन लेंग यांच्याकडे समीक्षेचे काम देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात ‘असोसिएट’ हे नाव बदलून पुन्हा ‘असिस्टंट’ करावे आणि निदान न झालेल्या रुग्णांना प्रथम तपासण्याचे काम त्यांच्याकडे सरसकट सोपवू नये, अशा शिफारशी होत्या. शिक्षण आधी व अधिकारांची आखणी नंतर असा क्रम पडला, तर त्याची झळ रुग्ण व विद्यार्थी या दोघांनाही लागते.

पदव्युत्तर पदव्यांचे प्रकार : सहबद्ध आरोग्यक्षेत्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे उद्दिष्टानुसार तीन वर्ग करता येतात.

(१) व्यवसायप्रवेशाच्या पदव्या : या पदवीवाचून व्यवसायाचा परवानाच मिळत नाही. अमेरिकेतील चिकित्सक-सहकारी, व्यवसायोपचारतज्ञ व वाचा-उपचारतज्ञ यांच्या पदव्या या वर्गात येतात. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास हा त्यांचा अविभाज्य भाग असतो. त्यामुळे त्या केवळ पत्रद्वारा वा दूरस्थ पद्धतीने पूर्ण करता येत नाहीत.

(२) विशेषज्ञतेच्या पदव्या : व्यवसायाचा परवाना आधीच मिळालेल्या व्यक्तीला एखाद्या शाखेचे सखोल ज्ञान देणे हा यांचा हेतू असतो. उदा., फिजिओथेरपीच्या पदवीधराने अस्थी व स्नायू, मज्जासंस्था, हृदय व श्वसन किंवा क्रीडावैद्यक यांपैकी एका विषयात घेतलेली पदव्युत्तर पदवी. प्रयोगशाळाशास्त्रात विकृतिविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र इ. विषयांत अशी पदवी घेता येते.

(३) व्यवस्थापन, अध्यापन व लोकारोग्य यांच्या पदव्या : रुग्णालय व्यवस्थापन, लोकारोग्य, आरोग्यव्यवसायांचे शिक्षणशास्त्र, आरोग्यविषयक माहितीचे विश्लेषण इ. विषयांतील या पदव्यांसाठी बहुधा कोणत्याही शाखेची पदवी चालते. ‘सहबद्ध आरोग्य’ किंवा ‘आरोग्यविज्ञान’ अशा व्यापक नावाने दिल्या जाणाऱ्या पदव्याही सामान्यपणे याच वर्गातील असतात. त्यांतून रुग्णावर उपचार करण्याचा कोणताही अधिकार प्राप्त होत नाही. मात्र विभागप्रमुख, अभ्यासक्रम-संचालक, गुणवत्ता-अधिकारी, संशोधन-सहकारी अशा जागांसाठी त्या उपयोगी पडतात.

पदवी व परवाना : विद्यापीठाची पदवी ही ज्ञानाची साक्ष असते, तर परवाना ही कायद्याने दिलेली अनुज्ञा असते. या दोहोंच्या दरम्यान अभ्यासक्रमाची अधिस्वीकृती व व्यावसायिक परीक्षा या आणखी दोन पायऱ्या असतात. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे, एवढ्यावरून त्याचा विशिष्ट अभ्यासक्रम व्यवसायाच्या मंडळाने स्वीकारलेला आहे, असे सिद्ध होत नाही; आणि अधिस्वीकृती नसलेल्या अभ्यासक्रमाच्या पदवीधराला पुढील परीक्षेस बसता येईलच असे नाही.

भारतातून, विशेषतः महाराष्ट्रातून, अमेरिकेत जाणाऱ्या फिजिओथेरपिस्टांच्या बाबतीत हा भेद ठळकपणे दिसतो. तेथे व्यवसाय करण्यासाठी भारतीय पदवीची समकक्षता तपासून घ्यावी लागते, राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते व ज्या राज्यात काम करावयाचे त्याचा परवाना मिळवावा लागतो. अमेरिकन विद्यापीठाची आरोग्यविज्ञान किंवा रुग्णालय व्यवस्थापन या विषयातील पदव्युत्तर पदवी घेतल्याने यांपैकी एकही टप्पा आपोआप पूर्ण होत नाही. अशी पदवी व्यवस्थापनाच्या वा संशोधनाच्या नोकरीसाठी योग्य असते. परंतु तीच परवान्याचा मार्ग आहे, असे समजून कर्ज काढून गेलेल्या विद्यार्थ्याची निराशा होते.

पातळी उंचावण्याचा प्रश्न : गेल्या काही दशकांत व्यवसायप्रवेशाची शैक्षणिक पातळी सतत उंचावत गेली आहे. अमेरिकेत व्यवसायोपचारासाठी २००७ पासून पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. भौतिकोपचारासाठी पूर्वी पदवी व नंतर पदव्युत्तर पदवी पुरत असे. २०१६ पासून मात्र केवळ डॉक्टरेटच्या पातळीवरील अभ्यासक्रमांनाच अधिस्वीकृती मिळते. नोंदणीकृत आहारतज्ञाच्या परीक्षेस बसण्यासाठी १ जानेवारी २०२४ पासून पदव्युत्तर पदवीची अट लागू झाली.

या वाढीच्या समर्थनार्थ पुढील युक्तिवाद करण्यात येतो : वैद्यकाचे ज्ञान वाढले आहे, रुग्णांचे आयुर्मान वाढल्याने एकाच व्यक्तीत अनेक रोग आढळतात, उपचारतज्ञाला संशोधनाचे मूल्यमापन करता आले पाहिजे, आणि डॉक्टरांशी समान पातळीवर विचारविनिमय करण्यासाठी त्याचे शिक्षणही तोलाचे हवे. विरोधी बाजूचे म्हणणे असे की, पदवीचे नाव बदलले तरी काम व वेतन त्या प्रमाणात बदलत नाहीत; अभ्यासक्रम लांबल्याने खर्च वाढतो; आणि गरीब कुटुंबांतील व ग्रामीण भागांतील विद्यार्थी, म्हणजे ज्यांची वंचित प्रदेशात परत जाऊन काम करण्याची शक्यता अधिक तेच, या व्यवसायांतून बाहेर राहतात. अमेरिकेत हा प्रश्न अधिक तीव्र होण्याचे आणखी एक कारण आहे. २०२५ च्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या संघीय कर्जावर मर्यादा घालण्यात आल्या असून १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी सामान्य पदव्युत्तर अभ्यासक्रमास वर्षाला २०,५०० डॉलर व एकूण १,००,००० डॉलर अशी कमाल मर्यादा त्यात ठरविलेली आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. उपचाराची योजना आखणाऱ्याचे शिक्षण वाढविणे योग्य ठरते. परंतु ठरावीक काम ठरावीक पद्धतीने करणाऱ्याला उच्च पदवीची अट घालणे रुग्णाच्या हिताचे होतेच असे नाही.

भारतातील स्थिती : भारतात खाजगी दवाखान्यातील कंपाउंडर हा वैद्यक साहाय्यकाचा देशी अवतार म्हणता येईल. औषधांची मिश्रणे व पुड्या तयार करणे, जखमा बांधणे, रुग्णांचे क्रमांक लावणे, पैसे घेणे अशी सर्व कामे तो डॉक्टरांच्या हाताखाली शिके. औषधनिर्माण अधिनियम १९४८ मध्ये झाल्यावर औषधे देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्यांकडे जाऊ लागले. तथापि डॉक्टरांच्या मदतनीसाला मराठीत अद्याप कंपाउंडरच म्हणतात. त्याच्यासाठी औपचारिक शिक्षणाची साखळी मात्र दीर्घकाळ निर्माण झाली नाही.

उपचारतज्ञांच्या शिक्षणात मुंबईचे स्थान महत्त्वाचे आहे. अमेरिकेत जन्मलेल्या व विवाहानंतर मुंबईत स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये के. ई. एम्. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झाले. ते आशियातील पहिले समजले जाते. त्याच रुग्णालयात १९५२ मध्ये फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये मुंबईतच अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातर्फे या दोन्ही विषयांत पदवी व पदव्युत्तर पदवी देण्यात येते. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या संस्थेत रुग्णालय व्यवस्थापन व लोकारोग्य या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. चिकित्सक-सहकाऱ्यांचे भारतातील शिक्षण १९९२ मध्ये चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथील मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविभागाच्या गरजेतून सुरू झाले.

या व्यवसायांपैकी बहुसंख्यांना राष्ट्रीय पातळीवर वैधानिक आधार नव्हता. संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम संमत करून ही उणीव दूर करण्यास आरंभ केला. त्यात दोन वर्ग कल्पिले आहेत. दोन ते चार वर्षांत पसरलेल्या किमान २,००० तासांच्या पदविका वा पदवी अभ्यासक्रमातून तयार होणारा तो सहबद्ध आरोग्यव्यावसायिक आणि तीन ते सहा वर्षांत पसरलेल्या किमान ३,६०० तासांच्या पदवी अभ्यासक्रमातून तयार होणारा तो आरोग्यसेवा व्यावसायिक होय. व्यवसायांचे दहा गट पाडले असून त्यांपैकी एकात चिकित्सक-सहकाऱ्यांचा समावेश आहे. राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा व नोंदवह्या अशी यंत्रणा अधिनियमाने सांगितली आहे. केवळ वर्षांऐवजी तासांनी शिक्षण मोजणे हे या अधिनियमाचे लक्षणीय वैशिष्ट्य होय. त्यामुळे प्रत्यक्ष प्रशिक्षण टाळून दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांना आळा बसू शकतो. पदव्युत्तर पदवीची निवड करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने आपली मूळ अर्हता यांपैकी कोणत्या वर्गात व गटात मोडते, हे प्रथम पाहणे इष्ट ठरते. कारण मूळ अर्हता नोंदणीस पात्र नसेल, तर वरची पदवी ती उणीव बहुधा भरून काढीत नाही.

पदवी व कौशल्य : पदवी व कौशल्य यांचा परस्परसंबंध गडचिरोली जिल्ह्यातील प्रयोगातून चांगल्या प्रकारे समजून घेता येतो. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे, त्यांच्यातील श्वसनरोग व जंतुसंसर्ग ओळखण्याचे व ठरलेल्या पद्धतीने उपचार करण्याचे प्रशिक्षण दिले. ३९ गावांत केलेल्या या प्रयोगाची तुलना ४७ गावांशी करण्यात आली व तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्युप्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले व भारतासह इतर देशांच्या धोरणांवर त्यांचा परिणाम झाला. सेविकांचे काम पदवीवाचून झाले. काटेकोर प्रशिक्षण व नियमित देखरेख हाच त्याचा पाया होता. दुसऱ्या बाजूस, तुलनात्मक प्रयोगाची आखणी करणे, मृत्यूंची नोंद शास्त्रशुद्ध रीतीने ठेवणे व निष्कर्ष सिद्ध करणे यांसाठी लोकारोग्याचे उच्च शिक्षण उपयोगी पडले. बंग दांपत्याने १९८४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्झ विद्यापीठात लोकारोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली होती. एकाच कार्यात दोन प्रकारच्या शिक्षणाची गरज कशी असते व एकाची जागा दुसरे का घेऊ शकत नाही, हे यावरून दिसून येते.

निवडीचे निकष : या क्षेत्रातील पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करताना पुढील बाबी तपासून पाहणे आवश्यक ठरते. पहिली, या पदवीनंतर कोणते नवे काम करण्याचा कायदेशीर अधिकार मिळेल; मिळणार नसेल, तर कोणत्या जागेसाठी ती नियमाने मागितली जाते. दुसरी, अभ्यासक्रमाला संबंधित व्यवसायाच्या मंडळाची अधिस्वीकृती आहे काय. तिसरी, त्यात प्रत्यक्ष रुग्णसेवेचे वा क्षेत्रकार्याचे तास किती आहेत व त्याची व्यवस्था संस्था करते की विद्यार्थ्यानेच करावयाची असते. चौथी, शिक्षणाचा खर्च व त्या काळात बुडणारे वेतन यांची भरपाई अपेक्षित जागेच्या वेतनातून किती वर्षांत होईल. पाचवी, पदवी घेऊन ज्या राज्यात वा देशात काम करावयाचे आहे तेथे ती ग्राह्य आहे काय.

अनुभवी कर्मचाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. प्रयोगशाळेत, क्ष-किरण विभागात वा दवाखान्यात अनेक वर्षे काम केलेल्या व्यक्तीजवळ असे व्यावहारिक ज्ञान असते की, जे नव्या पदवीधराजवळ नसते. अध्यापनाची वा व्यवस्थापनाची पदवी अशा व्यक्तीने घेतली, तर तिचे अनुभवज्ञान पुढील पिढीपर्यंत पोचते व विभागाच्या कारभारातही सुधारणा होते. याउलट, कामाचा अनुभव नसताना केवळ पदवीच्या आधारे पर्यवेक्षकपद मिळविणाऱ्यास हाताखालील साहाय्यकांच्या अडचणी समजणे कठीण जाते. यामुळे अनेक विद्यापीठांत व्यवस्थापनाच्या व शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांना प्रवेश देताना कामाचा पूर्वानुभव विचारात घेण्यात येतो आणि नोकरी सांभाळून अंशकाल शिकण्याची सोयही ठेवण्यात येते. मूळ अर्हता, तिच्यावर मिळालेली नोंदणी व कामाचा अनुभव या तिन्हींचा आधार असेल, तरच या क्षेत्रातील पदव्युत्तर पदवी विद्यार्थ्यास व रुग्णास अशी दोघांसही उपकारक ठरते.